तिकिटावर पडलेला नकार

मी एक जुना शिक्का आहे. मित्रांनो, राज्ये आली आणि राज्ये गेली, पण शिक्का टिकून राहिला. शिक्क्यावाचून कधी हुकूम निघाला नाही, तह झाला नाही, कुणाला गादी मिळाली नाही. अशा या थोर घराण्यात माझा जन्म झाला. आता खरे सांगायचे तर माझी मूठ एका मोडक्या पलंगाच्या पायातून निघाली, तोंड रबराचे आहे, आणि त्यावर कुणा राजाचे नाव नसून 'घेण्यास नकार' एवढेच कोरलेले आहे. गादी म्हणाल तर मलाही मिळाली. शाईची.

मला घडवणारा शिक्केवाला जिन्याखालच्या खोलीत बसत असे. एका डोळ्याला भिंग लावून तो अक्षरे उलटी कोरायचा. आम्ही शिक्के अंगावर सगळे उलटे वागवतो, म्हणून कागदावर ते सुलटे उमटते. मुठी घासून गुळगुळीत करण्याचे काम त्याची बायको करी.

"हा काय म्हणणार आहे हो?" तिने मला हातात घेऊन विचारले.

"नाही म्हणणार आहे. जन्मभर."

"मग जरा जास्त घासते. नाही म्हणणाऱ्याच्या हातात वर आणखी कुसळ घुसायला नको."

तिने मला खरोखरच जास्त घासले. त्या मुठीचे पुढे फार कौतुक झाले आणि त्या कौतुकानेच घात केला. पण ते नंतर.

माझी नेमणूक एका लहान टपाल कार्यालयात झाली. पुढे लाकडी खिडकी, आत तीन मेजे, पार्सलांसाठी एक बाक, आणि डिंकाचा असा वास की नव्या माणसाला दुपारपर्यंत भूक लागू नये. माझे बिऱ्हाड मधल्या मेजाच्या खणात होते. शेजारीपाजारी सगळे माझ्याच जातकुळीचे: 'पत्ता अपुरा', 'घर बंद', 'गाव सोडून गेले', 'चुकून आले'. 'पत्ता अपुरा' याला श्वास घ्यायला फुरसत नसे, कारण लोक पत्त्यात 'निळ्या दारासमोर' असे लिहीत आणि निळ्या दाराचा मालक मधल्या काळात हिरवा रंग देऊन मोकळा होई.

आमच्या सगळ्यांच्या वर, मेजावर उघड्यावर, एक बडे गृहस्थ राहत. पोलादी तोंड, पितळी कडे, आणि स्वतःसाठी वेगळा जाड रबरी पाट. ते तिकिटे रद्द करणारे शिक्के. ते आपटले की पोस्टमास्तरांचा कप बशीत हले. आमच्याशी ते बोलत नसत. बोलावे तरी काय, आमचा आणि त्यांचा धंदाच वेगळा.

हा वेगळेपणा नीट समजून घ्या, कारण पुढे एका बाईचा सगळा जीव त्यावर टांगला गेला. पाकिटावर काळे काहीतरी उमटले की लोक म्हणतात, शिक्का बसला. पण टपाल तिकीट म्हणजे पत्राने आधीच भरलेले भाडे. वापरलेले तिकीट कुणी पाण्यात भिजवून सोडवावे आणि दुसऱ्या पाकिटाला चिकटवून पुन्हा प्रवास करावा, असे होऊ नये म्हणून ते निघतानाच रद्द करतात. हे काम त्या पोलादी गृहस्थांचे. ते तिकिटावर पडतात आणि तिकीट निकामी करतात. पत्र कुणाचे, कुठे चालले, पोचले की नाही, याचे त्यांना सोयरसुतक नसते. आम्ही मात्र तिकिटाला हात लावत नाही. आम्ही पडतो पत्त्याशेजारच्या मोकळ्या जागेत, आणि पत्राचे पुढे काय झाले ते सांगतो. वाट चुकले का, भिजले का, दार बंद होते का, घेणारा आहे की गेला. काही ठिकाणी तारखेचा ठसा आणि रद्द करणारा ठसा एकाच दांड्याला जोडलेले असतात, हे खरे. पण एका घरात जेवतात म्हणून दीर आणि जावई एक होत नाहीत.

माझ्या बाबतीत तर नियम आणखी कडक. ज्याच्या नावाचे पत्र, त्याने स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायला हवे. शेजाऱ्याचा नकार चालत नाही. बायकोचाही चालत नाही, मग ती कितीही खात्रीने देत असो. पोस्टमनने परत यायचे, मला पत्त्याशेजारी उमटवायचे आणि खाली आपली सही घालायची. सहीवाचून मी म्हणजे नुसती सांडलेली शाई.

आमचा पोस्टमन बोलका होता. फेरीवरून आला की चपला काढायचा, पाय बाकावर घ्यायचा आणि मला उमटवता उमटवता पोस्टमास्तरांना हकिकत सांगायचा. एक तरुण म्हणे लांबूनच मावशीचे अक्षर ओळखून पळायचा. "अरे, उघडून तरी बघ," असे म्हटले, तर म्हणाला, "उघडलं की वाचावं लागतं काका, आणि वाचलं की सुधारावं लागतं."

एक आजोबा होते. ते मुलाचे प्रत्येक पत्र नाकारत. पण नाकारण्याआधी पाकीट हातात घेत, वजन करून बघत, पत्त्यावरून बोट फिरवत. मग म्हणत, "अक्षर अजून तसंच आहे," आणि परत देत. पोस्टमनला घाई असली तरी त्या दारात तो घाई करत नसे. एका वर्षी तो नेहमीसारखा परत आला आणि त्याने खणातून मला न काढता 'गाव सोडून गेले' याला काढले, कारण आजोबा जिथे गेले होते त्यासाठी आमच्याकडे वेगळा शिक्का नव्हता.

अशी माझी वर्षे गेली. माझा ठसा स्वच्छ उठे. पोस्टमास्तर एकदा सर्वांसमोर म्हणाले, "अख्ख्या खणात हातात बसणारा आणि अक्षर न अक्षर उठवणारा असा हा एकच." मी आयुष्यात ऐकलेली ही एकमेव स्तुती. ती ऐकणाऱ्यांत एक हंगामी कारकून होता.

या कारकुनाला सगळे 'चटकन' म्हणत. तो कोणतेही काम "चटकन करून टाकू" म्हणून सुरू करी आणि बाकीचे ते सावकाश निस्तरत. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसे इतकी मन लावून चुका करत नाहीत.

समोरच्या बाजूला एक शिवणाचे दुकान होते. शिवणारी बाई मशीनवर बसे आणि तिचे यजमान काजे-बटणे करत. सगळा रस्ता तिला शिवणताई म्हणे. एका सकाळी ती खिडकीशी आली. हातात पाकीट होते, आणि त्याची कड ती बोटांनी पुन्हा पुन्हा दाबत होती, जणू इस्त्री करत होती.

फेरीवर निघालेला पोस्टमन थबकला. "काय ताई, आज सुई सोडून लेखणी?"

"दादाला लिहिलंय. त्याच्या डोक्यात गाठ निघालीय. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. मला आतेभावाकडून कळलं. त्यानं नाही कळवलं."

हा तिचा थोरला भाऊ दुसऱ्या शहरात राहत होता. दोघांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. आजारी आईला कुणाच्या घरी ठेवावे यावरून वाद झाला, दादा आईला घेऊन गेला, आणि शेवटचा निरोप हिच्यापर्यंत उशिरा आला. आईला पोचवून आल्यावर ही त्याच्या अंगणात उभी राहून म्हणाली होती, "आता बोलावल्याशिवाय तुझ्या दारात पाय ठेवायची नाही." त्याने बोलावले नाही. तिने ठेवला नाही.

"काय लिहिलंय एवढं?" पोस्टमनने विचारले. असे विचारायचे नसते, पण त्याला कुणी रागावत नसे.

"एकच ओळ. दादा, मी येऊ का?"

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर कळेल तरी."

समोरून यजमान ओरडले, "टाकलंस का गं? की अजून कडच दुमडतेस?"

तिने पाकीट आत सरकवले आणि गेली.

नेमका आदल्या दिवशी पोलादी गृहस्थांचा दांडा मोडला होता. त्यांना फडक्यात गुंडाळून पोस्टमास्तर स्वतः मोठ्या कार्यालयात दुरुस्तीला घेऊन गेले होते. अशा वेळी काय करायचे तेही ठरलेले असते: पेनाने तिकिटावर दोन आडव्या रेघा मारायच्या. पोस्टमास्तर तसे बजावून गेले होते. चटकनने काही पाकिटांवर रेघा मारल्या, मग पेनाचे टोक झटकले, मग थैलीकडे पाहिले. मग त्याने खण उघडला. सगळ्यांवरून हात फिरवून तो त्या गुळगुळीत मुठीवर येऊन थांबला.

"तिकीट मेल्याशी कारण," तो स्वतःशीच म्हणाला. "सुरीनं मेलं काय आणि लाटण्यानं मेलं काय!"

मित्रांनो, मी पहिल्यांदाच तिकिटावर आपटलो. खाली त्याच्या कडेचे दाते लागले. कुणाच्या दारावर थाप पडली नव्हती, कुणी पाकीट हातात घेतले नव्हते, कुणी तोंड उघडले नव्हते, आणि मी 'नाही, नाही, नाही' म्हणत सुटलो होतो. लग्नाची बोलणी होती, नोकरीचे अर्ज होते, बाळ झाल्याची बातमी होती. सगळ्यांना मी निघण्याआधीच नकार दिला. त्यात शिवणताईचे पाकीटही होते. माझा ठसा नेहमीसारखाच स्वच्छ उठला.

थैली गेली. पुढच्या कार्यालयांत लोकांनी माझे शब्द वाचले आणि हुकूम पाळला. छापलेल्या नकाराला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. मागे आपापला तारखेचा ठसा मारला आणि पाकिटे परतीच्या गठ्ठ्यात टाकली. ज्याला विचारायचे, त्याला विचारलेच नाही.

पहिली दोन पाकिटे एकाच दिवशी परत आली. एक होते वरच्या आळीतल्या कवीचे. त्याने कविता मासिकाला पाठवली होती. त्याला काहीच वेगळे वाटले नाही. "या खेपेला लवकर कळवलं," एवढेच तो म्हणाला.

दुसरे पाकीट पोस्टमनने दोन जाड मासिकांच्या मध्ये दडपून नेले. शब्द त्याने वाचला होता. शब्द कुठे पडला आहे हे बघायचे भान अशा वेळी राहत नाही. त्याने ते शिवणताईच्या मशीनवर ठेवले आणि पहिल्यांदाच काही न बोलता निघून आला. तिने पाकीट पाहिले, पालथे घातले आणि मशीन चालू ठेवले. थोड्या वेळाने यजमानांनी हळूच तिच्या हातातले कापड काढून घेतले. तिने एका सदऱ्याच्या बाहीचे तोंड पक्के शिवून टाकले होते.

दुपारी ती खिडकीशी आली. पोस्टमास्तर परतले होते. ऑपरेशन परवावर येऊन ठेपले होते. तिने पाकीट पुढे केले, पण हातातून सोडले नाही.

"साहेब, एक विचारू का? पत्र नाकारलं की तिथल्या पोस्टमनला विचारता येतं?"

"काय विचारायचंय ताई?"

"दादा कसा दिसत होता ते. म्हणजे, रागावला होता का? की नुसताच थकलेला होता? रागावला असला तर बरं. राग आहे म्हणजे अंगात अजून जोर आहे."

 पोस्टमास्तरांनी चष्मा लावला. "बघू, सही कुणाची आहे. त्या माणसाला मी स्वतः विचारून घेतो."

त्यांनी पाकीट उजेडात धरले. पत्त्याशेजारची जागा कोरी होती. त्यांनी ते उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले, आणि त्यांची नजर तिकिटावर जाऊन बसली. तिथून ती हलेना.

"अहो चटकन," ते म्हणाले, "जरा इकडे या. हळू या."

चटकन आला.

"मी नव्हतो त्या दिवशी तिकिटं पेनानं रद्द केलीत ना?"

"केली साहेब. म्हणजे, रद्द केली."

"पेनानं?"

 चटकनने खणाकडे पाहिले. मग पाकिटाकडे पाहिले, मग शिवणताईकडे, आणि त्याचा चेहरा असा उतरला की त्याला आधाराला माझी मूठ द्यावीशी वाटली.

"ताई, इकडे बघा," पोस्टमास्तर म्हणाले. "तुमच्या भावानं नाही म्हटलं असतं, तर ते इथं, पत्त्याशेजारी पडलं असतं. खाली सही असती. हे तिकिटावर पडलंय. तिकिटावर पडतं ते पत्र निघताना पडतं, पोचल्यावर नाही. हे पत्र त्यांच्या दारापर्यंत गेलंच नाही. हा नकार आमच्याच मेजावरून निघाला."

"म्हणजे मी विचारलं, हेच त्याला ठाऊक नाही?"

"नाही."

ती पार्सलांच्या बाकावर बसली. "सकाळपासून मी त्याला मनातल्या मनात काय काय बोलले हो," ती म्हणाली. "तो बिचारा काहीच म्हणाला नव्हता."

तोवर यजमान रस्ता ओलांडून दारात आले होते. त्यांच्या ओठाला दोऱ्याचा तुकडा तसाच चिकटलेला होता. पोस्टमास्तर म्हणाले, "मी आत्ता तार करतो."

"तार जाणार कधी, तो बोलावणार कधी आणि मी पोचणार कधी? परवा तर त्याला आत नेतील. डॉक्टर हमी देत नाहीत म्हणे."

"मग नीघ की!" यजमान म्हणाले.

"अशी कशी निघू? शब्द दिलाय मी. बोलावल्याशिवाय नाही."

"हिचा शब्द म्हणजे लोखंडी तार आहे साहेब. तुटत नाही आणि सुईतही जात नाही."

 ती हातातल्या पाकिटाकडे बघत राहिली. पोस्टमन इतका वेळ कोपऱ्यात चपलांच्या पट्ट्याशी उगीचच खेळत होता. तो म्हणाला, "ताई, पोस्टमनला कुणी बोलावणं धाडतं का हो?"

"नाही."

"तरी आम्ही प्रत्येकाच्या दारात जातोच ना? हातात त्याच्या नावाचं पत्र असलं की झालं. तुमच्या हातात काय आहे?"

तिने मान वर केली.

पोस्टमास्तरांनी पाकीट मागून घेतले. पेनाने माझ्या अक्षरांवर दोन आडव्या रेघा ओढल्या. त्या रेघांखाली मी खोडला गेलो आणि त्याच रेघांनी ते तिकीट शेवटी रीतसर रद्द झाले. बाजूला त्यांनी लिहिले, 'ठसा चुकून पडला. पत्र घेणाऱ्याच्या हाती द्यावे.' खाली सही केली. मित्रांनो, खोडले जाणे कुणालाच आवडत नाही. पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

चटकनने तिची पिशवी उचलली. "चला ताई, गाडीपर्यंत सोडतो. चटकन..." त्याने पोस्टमास्तरांकडे पाहिले. "म्हणजे, नीट बघून."

पुढचे मला तिच्याच तोंडून कळले. काही दिवसांनी ती आली आणि त्याच बाकावर बसली.

"दार उघडंच होतं," ती म्हणाली. "दादा खाटेवर बसला होता. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, टपाल. तो म्हणाला, ठेवा तिथं, मला आता अक्षर दिसत नाही. म्हटलं, वाचून दाखवू? म्हणाला, दाखवा. मी वाचलं. दादा, मी येऊ का? त्यानं नुसती दाराकडे मान वळवली. मला वाटलं, आवाज ओळखला नाही. मग म्हणाला, पोस्टमनबाई, उलट टपाली उत्तर नेता का? म्हटलं, नेते. म्हणाला, तिला सांगा, आत ये आणि दार लावून घे. वारा येतोय."

ती थांबली. मग कापडाची लांबी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "ऑपरेशनमधून उठला नाही तो. पण दवाखान्यात सगळ्यांना सांगत होता, ही माझी बहीण, हिला आत येऊ द्या. आत नेईपर्यंत माझा हात धरून होता. आईच्या वेळचंही बोललो आम्ही. थोडं भांडलोसुद्धा."

पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. चटकन मागच्या मेजावर बसून परत आलेल्या एकेका पाकिटावर रेघा ओढत होता आणि सोबत माफीची चिठ्ठी लिहीत होता.  पोस्टमनने चपला घातल्या, काढल्या आणि पुन्हा घातल्या. ती उठली, म्हणाली, "येते. बाही उसवायची राहिलीय," आणि रस्ता ओलांडून गेली.

त्यानंतर माझे काम हळूहळू संपत गेले. पत्रेच कमी झाली, तर नाकारणार काय? पोलादी गृहस्थ दुरुस्त होऊन आले, आणखी काही वर्षे आपटले, आणि आता कुठल्याशा संग्रहालयात मखमलीवर पहुडले आहेत. त्यांना बघायला लोक येतात. 'पत्ता अपुरा' कुठे गेला, कुणाला पत्ता नाही. माझे रबर तडकले आहे. 'घेण्यास' एवढेच धड उठते.

मित्रांनो, जुने पाकीट हाती आले तर तिकीट फाडून घेऊन बाकीचे टाकू नका. तिकिटाने भाडे भरले, पण हाल सोसत प्रवास केला तो पाकिटाने, आणि त्याची हकिकत आम्ही त्याच्याच अंगावर लिहिली आहे. ती जपून ठेवा. आणि कुणी तुम्हाला नाही म्हटले असे कळले, तर दार लावून घेण्याआधी एवढे बघा की तो माणूस स्वतः नाही म्हणाला आहे की मधल्या कुणाच्या हातून ते आपटले आहे. माझ्यासारखे पुष्कळ जण जगात फिरत असतात. ठसा स्वच्छ उठतो, म्हणून खरा वाटतो.

आणि जाता जाता एक विनंती. हल्ली मला मागच्या खोलीतली खिडकी उघडी राहावी म्हणून तिच्या फटीत उभे केलेले असते. काम मानाचे आहे, तक्रार नाही. फक्त संध्याकाळी खिडकी लावताना आधी मला काढा आणि मग ती लावा. परवापासून उलटे चालले आहे.